हवालदाराला रडवू नका

प्रश्न : पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमारा गावात तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला घातलेल्या वेढ्यावर ४० मिनिटांची एकांकिका बसवतोय. नायक मराठा पलटणीतला निबर हवालदार. शेवटी त्याच्यातला माणूस जागा होतो. पण तालमीत तोच प्रसंग खोटा वाटतो. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा तो भाषण करता करता अचानक रडतो. ते भाषण आधी कापा.

डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या वेढ्यात खरा शत्रू भूक होती. घोड्याचं मांस खायला बऱ्याच हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नकार दिला, शिधा घटत गेला, स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार) पसरला. म्हणून हवालदाराच्या हाती बंदुकीऐवजी तराजू द्या. पहिल्या प्रवेशात तो सांडलेलं चिमूटभर पीठही बोटानं ओढून पोत्यात टाकतो आणि शिपायांना फक्त नंबरानं हाक मारतो. शेवटी तीच चिमूट आजारी, पोरसवदा शिपायाच्या वाटीत जाते, आणि हवालदाराच्या तोंडून पहिल्यांदा त्या पोराचं नाव निघतं. त्यानंतर ८ सेकंद शांतता; पार्श्वसंगीत अजिबात नको. ही खूण पहिल्या १० मिनिटांत पेरली नाही, तर शेवट चिकटवलेला वाटणारच.

नुसतं बारीक पीठ उडून नटाच्या घशात जातं आणि ठसका लागतो. ज्वारीच्या पिठात निम्मा जाड रवा मिसळा. प्रकाशात पडतानाही नीट दिसतो. डोक्याला पागोटं बांधा, लोखंडी टोप नको. रायफल बोल्टची (दर गोळीआधी हातानं खटका ओढावा लागणारी), .३०३ इंची गोळीची. हातात स्वयंचलित बंदूक दिसली, की जाणकार प्रेक्षक तिथेच हसतो.