आधी पट्ट्या, मग यमन

नजर गेल्यावर पेटी शिकायला घेतलीस, बरं केलंस. पण पहिल्याच आठवड्यात यमन रागाचा हट्ट नको. आधी बोटांना पट्ट्यांची ओळख होऊ दे. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात; दोनच्या गटाला लागून डावीकडे असते त्या पट्टीला 'पांढरी एक' म्हणतात. मी तिच्यावर मेणाचा ठिपका लावला होता. महिन्याभरात तोही नकोसा झाला.

गुरुजींना स्पष्ट सांग, 'हे असं' म्हणून दाखवू नका, स्वराचं नाव घ्या. मी दोन वर्षं लाजलो आणि चुकीचं बोट पक्कं करून बसलो. बंदिश फोनवर रेकॉर्ड कर, त्यांना विचारूनच.

'न दिसणाऱ्यांना सूर उपजतच असतो' म्हणणारे भेटतील. (मला अजून भेटतात, बहुतेक लग्नात.) गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले; १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पण त्याआधी मिरजेत त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे वर्षानुवर्षं रियाज केला होता.

काही दिवस अगदीच अंगावर येतात. तेव्हा राग-बिग राहू दे. भाता हलव, सा धरून बस. माझी पहिली दोन वर्षं त्यावरच निघाली.