फाइली कमी मागायच्या, तर हिशेब पूर्ण मांड

बेटा, अनेक आशीर्वाद.

एका परिविक्षा अधिकाऱ्याकडे, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर ठेवलेल्यांवर देखरेख करणाऱ्याकडे, ठरावीक संख्येपेक्षा जास्त प्रकरणं देऊ नयेत, हा तुझा प्रस्ताव वाचला. मागणी रास्त आहे. पण खर्चाच्या रकान्यात तू फक्त नव्या पदांचे पगार लिहिलेस. वरचा माणूस तेवढंच वाचून फाइल परत पाठवेल.

आधी काम किती वेळ खातं ते दाखव. १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाच्या कलम १४ मध्ये चौकशी, देखरेख, रोजगारासाठी मदत, भरपाई फेडायला मदत, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात आहे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकाच्या घरची परिस्थिती सांगणारा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत द्यायचा. कागदावर ही एक ओळ. प्रत्यक्षात नरखेडच्या बाजूला संत्रातोडीच्या दिवसांत दिवसा घरी कुणी सापडत नाही. आईबाप बागेतून येईपर्यंत थांबायचं आणि मग एसटीची वाट बघायची. एका घरासाठी पूर्ण दिवस जातो. भिवापूर तर नागपूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. अमेरिकेतल्या परिविक्षा आणि पॅरोल अधिकाऱ्यांच्या संघटनेने धोका बघून एका अधिकाऱ्यामागे आकडे सुचवले आहेत: कडक देखरेखीची २०, मध्यम ते जास्त धोक्याची ५०, कमी धोक्याची २०० प्रकरणं. ते जसेच्या तसे उचलू नकोस. आपल्याकडे अंतरही मोजावं लागेल.

पॅरोल-फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून ठरावीक दिवसांच्या रजेवर, सुटलेल्यांचा भार यात मिसळू नकोस. त्यांची हजेरी पोलीस ठाण्यात लागते.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. १९९३ मध्ये पीटर्सिलिया आणि टर्नर या संशोधकांनी अमेरिकेच्या ९ राज्यांतले कडक देखरेखीचे १४ प्रयोग तपासले. प्रत्येक अधिकाऱ्याकडे माणसं कमी, नजर जास्त. नव्या गुन्ह्यांसाठीच्या अटका घटल्या नाहीत. उलट, नजर वाढल्यामुळे अटींचे भंग जास्त सापडले, माणसं तुरुंगात परत गेली आणि खर्च वाढला. जे लोक उपचार, नोकरी अशा कार्यक्रमांत सहभागी झाले, त्यांच्यात मात्र पुन्हा अटक होण्याचं प्रमाण कमी दिसलं. म्हणून मोकळ्या झालेल्या तासांचं तू काय करणार, हे नाव घेऊन लिही: व्यसनमुक्ती केंद्रात सोबत जाणं, हिंगण्यात काम शोधून देणं, शाळेत पुन्हा नाव घालणं. हे लिहिलं नाहीस, तर तुझी मर्यादा आपल्याच पोरांना आत ढकलेल. मला याची खरी भीती वाटते.

बचतीच्या बाजूला वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहाचा दरडोई सरासरी खर्च सरळ वजा करू नकोस. एक कैदी कमी झाला म्हणून पहारेकरी कमी होत नाहीत, भिंतही तीच राहते. वाचतं ते त्याचं जेवण, कपडे, औषधं. हा आकडा लहान दिसेल, पण कुणी खोडू शकणार नाही. शिवाय कमावता माणूस बाहेर राहिला, तर घरात येणारी मजुरी वेगळी दाखव. ती सरकारी रकान्यात बसत नाही, तरी तळटीप म्हणून राहू दे.

सगळा जिल्हा एकदम मागू नकोस. एक दूरचा तालुका घे आणि तिथल्या फेऱ्यांचे तास महिनाभर नोंदव. तक्ता मला पाठव, बेरजा मी तपासून देतो.

तुझा,
काका