फौजेतला नवरा पहिल्यांदाच फिल्डला, म्हणजे सीमेकडच्या ड्युटीवर गेलाय?
अगं, आधी तो टीव्ही बंद कर. १९९९ ला कारगिलच्या वेळी मी देवळाली कॅम्पात, हे तोफखान्यात, पत्ता काय तर युनिट आणि ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस, पत्रं यायची ती पण उलटीसुलटी म्हणून मी कोपऱ्यात नंबर टाकायला लागले, ह्यांचं सात नंबरचं तर दारूगोळ्याच्या पेटीवर कागद ठेवून लिहिलेलं, लाकडाच्या रेषा सगळ्या अक्षरात उतरलेल्या. आता फोन आहे, पण कुठे आहात हे विचारू नकोस, स्टेटसला तर अजिबात नको. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटकडून निघणारी लग्नाची अधिकृत नोंद, निघाली का बघ, फौजेच्या रेकॉर्डला बायको म्हणून तुझं नाव त्यानेच चढतं, नव्या पोरी हमखास विसरतात. आणि सासूबाई रात्री देवघरात बसलेल्या दिसल्या तर लाईट लावू नकोस, नुसती शेजारी जाऊन बस.