खुबा बदलला, पण चाल अजून का सुधारत नाही?

प्रश्न : माझे वय 64 असून मी निवृत्त शिक्षिका आहे. सहा-सात वर्षे लंगडत काढल्यानंतर चार महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. एक्स-रे उत्तम आहे, असे डॉक्टर सांगतात. पूर्वीची ती जीवघेणी कळ राहिलेली नाही, हेही खरे. परंतु मी अजून एका बाजूला झुकत चालते, संध्याकाळी पाय सुजतो, उजवा पाय डाव्यापेक्षा लांब झाल्यासारखा वाटतो आणि थोडा वेळ बसून उठले की पहिली चार-पाच पावले पाय जड येतो. आमच्या नात्यातील 48 वर्षांचे एक गृहस्थ हेच ऑपरेशन करून दीड महिन्यात स्कूटर चालवू लागले. घरी येणारा प्रत्येक जण ‘अजून काठी?’ असे विचारतो, म्हणून मी बाहेर जाणेच सोडले आहे. अलीकडे विनाकारण रडू येते. माझे ऑपरेशन फसले आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण जे लिहिले आहे त्यावरून ऑपरेशन फसल्याचे एकही चिन्ह मला दिसत नाही. पण एवढ्यावर आपले समाधान होणार नाही, आणि होऊही नये, कारण आपला त्रास खरा आहे.

शस्त्रक्रियेत सांधा बदलला जातो, स्नायू बदलले जात नाहीत. मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा आणि त्याची वाटी काढून नवी बसवायला साधारण दीड-दोन तास पुरतात. परंतु कमरेच्या बाजूला, खुब्यावर पंख्यासारखे पसरलेले जे स्नायू एका पायावर उभे असताना कंबर समतोल धरतात, ते आपण लंगडत असलेल्या सहा-सात वर्षांत हळूहळू वाळत गेले आहेत. दुखऱ्या पायावर भार टाळण्यासाठी शरीराने धड त्या बाजूला झुकवण्याची युक्ती शोधली, आणि आता दुखणे गेले तरी ती सवय व ती दुर्बलता दोन्ही शिल्लक आहेत. आपल्या नातलगांचा सांधा कोणत्या कारणाने आणि किती दिवसांत बिघडला, हे मला माहीत नाही. मात्र ज्यांचे दुखणे काही महिन्यांचेच असते, त्यांचे स्नायू ऑपरेशनच्या वेळी बरेचसे शाबूत असतात आणि ते लवकर चालू लागतात. शिवाय त्यांचे वय आपल्यापेक्षा 16 वर्षांनी कमी आहे. ही तुलना मनातून काढून टाकावी.

इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये आजच्या पद्धतीचा पाया घातला, तेव्हा रुग्णांना कित्येक आठवडे रुग्णालयातच ठेवले जात असे. आज दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देतात आणि तीन-चार दिवसांत घरी सोडतात. ही प्रगती मोठी आहे, परंतु तिच्यामुळे असा समज पसरला आहे की घरी लवकर आले म्हणजे बरेही लवकर झाले. स्नायू आपल्याच गतीने भरतो. बहुतेकांची बरीचशी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते हे खरे, पण ताकद आणि चाल वर्षभर सुधारत राहते, आणि दीर्घकाळ लंगडलेल्या माणसाला त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. हे ऑपरेशनपूर्वीच स्पष्ट सांगणे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. आपल्याला ते कोणी सांगितले नसेल, तर ती उणीव आमची आहे.

पाय लांब वाटण्याविषयी. सांध्यातील कूर्चा झिजल्यामुळे आपला पाय वर्षानुवर्षे थोडा आखूड झालेला असणार. तो आता मूळ लांबीवर आला, तरी मेंदूला आखूड पायाचीच सवय आहे. त्यातच खुब्याभोवतीचे स्नायू आखडलेले असले की कंबर एका बाजूला कलते आणि प्रत्यक्षात नसलेला फरक जाणवतो. व्यायामाने हा भास काही महिन्यांत ओसरतो. तोवर कोणाच्या सांगण्यावरून दुसऱ्या चपलेला जाड तळ लावून घेऊ नये, कारण त्यामुळे कलती कंबर तशीच कायम राहते. सहा महिन्यांनंतरही फरक वाटला, तर दोन्ही पायांची लांबी शस्त्रतज्ज्ञांकडून नीट मोजून घ्यावी.

आता काठी. मला भेटणाऱ्या रुग्णांपैकी बरेच जण ती दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात. ती विरुद्ध हातात, म्हणजे आपल्या बाबतीत डाव्या हातात, असावी आणि उजव्या पायाबरोबरच पुढे पडावी. तशी धरली की खुब्यावरील स्नायूंचे ओझे लक्षणीय कमी होते आणि आपण सरळ चालू शकता. काठीशिवाय झुकत चालण्यापेक्षा काठी घेऊन ताठ चालणे कितीतरी हिताचे आहे, कारण झुकत टाकलेले प्रत्येक पाऊल जुनी सवयच पक्की करते. सोडायची वेळ कशी ओळखावी? स्वयंपाकघरातील ओट्याला हलके बोट लावून फक्त उजव्या पायावर उभे राहावे आणि समोरच्या कपाटाच्या काचेत पाहावे. डावी कंबर खाली घसरत नसेल, धड उजवीकडे कलत नसेल आणि असे दहा सेकंद राहता येत असेल, तर घरात काठी ठेवून द्यायला हरकत नाही. कोणी विचारले तर ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ एवढे उत्तर पुरे.

त्याच ओट्यापाशी व्यायामही करता येईल. ओटा धरून ताठ उभे राहावे आणि पाऊल समोर ठेवून उजवा पाय सरळ बाजूला, वीतभरच, उचलावा. धड दुसरीकडे झुकले तर काम भलतेच स्नायू करतात, त्यामुळे कमी उचलला तरी चालेल, पण शरीर हलू देऊ नये. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढे डाव्या पायानेही तसेच करावे, म्हणजे उजव्या खुब्याला भार पेलण्याचा सराव होतो. दुसरा व्यायाम म्हणजे उंच खुर्चीतून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे आणि त्याहून सावकाश बसणे. सुरुवात करण्यापूर्वी आपल्या शस्त्रतज्ज्ञांना एकदा विचारावे, कारण काही पद्धतींत बाजूचे स्नायू सोडवून पुन्हा शिवलेले असतात आणि त्यांना जपावे लागते. चालणे मात्र एका दमात तास-तासभर नको, पंधरा मिनिटांचे तीन फेरे बरे. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरले, तर प्रमाण बरोबर आहे. नाही ओसरले, तर ते निम्मे करावे.

संध्याकाळी येणारी आणि सकाळी उतरणारी सूज सहा महिन्यांपर्यंत राहू शकते. दुपारी अर्धा तास आडवे पडून पाय उशीवर ठेवावा. उठल्यावरची जड पावले या टप्प्यावर सर्रास आढळतात, पण पुढील तपासणीत त्यांचा उल्लेख जरूर करावा, कारण वर्ष उलटल्यावरही त्या पावलांना दुखत राहिले तर सांधा सैल झाला आहे का, हे पाहावे लागते.

काही बाबतींत मात्र थांबायचे नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर रुग्णवाहिका बोलवावी. जखमेतून पाणी येणे, ताप, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागणे किंवा रात्री विश्रांतीतही ठणकणे, हे जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. एकाएकी प्रचंड कळ येऊन पाय टेकवता येईनासा झाला, तर सांधा निसटला किंवा हाड मोडले असण्याची शक्यता असते.

आपल्या रडू येण्याविषयी मी शेवटी लिहीत असलो, तरी ते मला कमी महत्त्वाचे वाटत नाही. मोठी शस्त्रक्रिया, तुटक झोप, दुसऱ्यावर अवलंबून राहणे आणि घरात कोंडून घेणे, यातून मन खचते, आणि खचलेल्या मनाने व्यायाम होत नाही. हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्यावे. जेवण कमी झाले असेल, तर दोन्ही वेळा ताटात उसळ, घट्ट वरण, दही, चालत असल्यास अंडे असावे, कारण प्रथिनांशिवाय स्नायू भरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ असेच वाटत असेल, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. त्यावर उपचार आहेत. आपण शिक्षिका आहात, म्हणून एक सुचवतो. एक वही करावी आणि दर रविवारी तीनच गोष्टी लिहाव्यात : न थांबता किती चालता आले, रात्री किती वेळा जाग आली, आणि गेल्या आठवड्यात न जमलेले काय जमले. माझ्या एका रुग्णबाईंनी त्या वहीत ‘आज उंबरठा ओलांडताना चौकट धरली नाही’ असे लिहिले होते. शेजारणीला त्यात काहीच विशेष दिसले नसते. मला मात्र त्या एका वाक्यावरून कळले की त्यांचा खुबा आता भार घेऊ लागला आहे.

प्रश्न : माझ्या 71 वर्षांच्या सासऱ्यांचा खुबा बदलून आठ महिने झाले. गणपतीची प्रतिष्ठापना पाटावर बसूनच करायची, असा त्यांचा आग्रह आहे. चालेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : त्यांच्या शस्त्रतज्ज्ञांनी स्पष्ट परवानगी दिली नसेल, तर नको. खरे तर मांडी घालून बसण्यापेक्षा खाली बसताना आणि उठताना धोका अधिक असतो, कारण त्या वेळी खुबा खोल वाकतो आणि गुडघा आत वळतो. पाठीमागून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर याच स्थितीत सांधा निसटू शकतो. मूर्ती टेबलावर मांडावी आणि सासऱ्यांना हात असलेली उंच, घट्ट खुर्ची द्यावी. पूजेचे साहित्य खाली न ठेवता त्यांच्या हाताशी, टेबलावरच असावे. गुरुजींना आधी कल्पना दिली, तर ते सांभाळून घेतात. आरती त्यांनी अवश्य उभ्याने म्हणावी. फक्त शेवटी स्वतःभोवती प्रदक्षिणा घालताना ऑपरेशनच्या पायावर गिरकी घेऊ नये, लहान लहान पावले टाकत फिरावे.