मुलीला ट्रॅफिकिंगच्या केसेस लढायच्यात, पोट भरेल का?

नमस्कार दादा,

तुमचं तासगावहून आलेलं पत्र वाचलं. मुलगी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला मानवी तस्करीच्या केसेसवर काम करायचंय आणि तुम्ही विचारताय, "असल्या वस्तीतल्या भानगडीत पोरीचं करिअर काय होणार, आणि स्वतःहून गेलेल्या बाईची कसली केस?"

अहो पहिली गोष्ट, हे फक्त वेश्यावस्तीपुरतं नाहीच. आता भारतीय न्याय संहितेचं कलम 143 आहे, 1 जुलै 2024 पासून लागू, त्याआधी हेच आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम 370 होतं, 2013 ला बदललेलं. त्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात. माणसाला भरती केलं, नेलं, ठेवून घेतलं किंवा दुसऱ्याच्या ताब्यात दिलं, यातलं काहीतरी. ते धमकी, जबरदस्ती, फसवणूक, आमिष, सत्तेचा गैरवापर अशा मार्गानं. आणि हेतू शोषणाचा. शोषणात लैंगिक शोषण आलं, गुलामी आली, अवयव काढणं आलं, नव्या कायद्यात भीक मागायला लावणंही आलं.

आता तुमच्याच भागातलं बघा. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देऊन बीडकडून ऊसतोडीची जोडपी आणतो, कोयता चालतो, हंगाम संपला की हिशोब होतो, एवढ्यावरून ट्रॅफिकिंग होत नाही. पण खोटं सांगून आणलं, उचल फिटेपर्यंत कोंडून ठेवलं, मारहाण केली तर 1976 चा वेठबिगारीचा कायदा तर आहेच, 143 चाही विचार करावा लागतो. हेतू शोषणाचाच होता हे कोर्टात सिद्ध करणं, तिथंच खरी वकिली आहे, आणि तिथंच केस पडते पण.

संमतीचं म्हणाल तर फसवून किंवा धमकावून नेलं असेल तर "ती तयार होती" हा बचाव चालत नाही, कलमातच लिहिलंय. पण सज्ञान बाई खरंच स्वतःच्या मर्जीनं वेश्याव्यवसाय करत असेल तर तिला धरून पीडित ठरवायचं नाही, सुप्रीम कोर्टानं मे 2022 च्या आदेशात पोलिसांनी अशा बायकांशी सन्मानानं वागावं, त्यांना शिवीगाळ, मारहाण करू नये असं सांगितलंय. या दोन्हीतला फरक तुमच्या सांगलीतच शिकता येईल. वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही या बायकांची स्वतःची संघटना तिथंच उभी राहिली आणि रेड टाकून 'सोडवणाऱ्यां'वर त्यांचा राग का आहे ते पोरीनं त्यांच्या तोंडूनच ऐकावं. (माझं मत, वर्गात वर्षभर बसून कळणार नाही ते तिथं कळेल.)

पोटाचं सरळ सांगतो, फक्त याच केसेसवर घर चालणार नाही. सुरुवातीला सेशन्स कोर्टात फौजदारी करणाऱ्या चांगल्या सिनियरकडे ज्युनियरशिप करायची, पैसे कमीच मिळतील. सोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरजूंना मोफत वकील देणारी सरकारी संस्था) वकिलांच्या पॅनलची माहिती काढून ठेवा, आणि एमपीएससीतून सरकारी वकिलाची जाहिरात आली की पात्रतेची अट नीट वाचून फॉर्म भरायचा. हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात आलंय, त्यामुळं आता अपिलासाठी मुंबई गाठायची गरज नाही, हा मोठा फायदा आहे बघा.

या सुट्टीत तिला कलम 143 आणि 144 (तस्करी झालेल्या माणसाचं शोषण) यांचा मूळ मजकूर वाचायला लावा, आणि जवळच्या सेशन्स कोर्टात चालू असलेल्या एखाद्या फौजदारी केसच्या तारखांना जाऊन बसू दे. तिसऱ्या तारखेलाही उत्साह टिकला तर मला परत लिहा.