टीएनएसपिंगला ‘ओके’ मिळते, तरी ॲप्लिकेशनमध्ये ‘ओआरए-१२१५४’ का येते?

आपण लिहिले आहे की कमांड प्रॉम्प्टवर टीएनएसपिंग (ओरॅकलची जोडणी तपासणारा आदेश) केल्यास ‘ओके’ असे उत्तर येते, पण त्याच विंडोज संगणकावरील जुने रिपोर्टिंग ॲप्लिकेशन ओरॅकल डेटाबेसला जोडायला गेले की ‘ओआरए-१२१५४’ ही त्रुटी दिसते, आणि म्हणून आपण नेटवर्क विभागाला फायरवॉल तपासायला सांगणार आहात. ती विनंती तूर्त थांबवावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

ही त्रुटी आपल्याच संगणकावर उद्भवते. जोडणीसाठी दिलेल्या नावाचा पत्ता क्लायंटला (आपल्या संगणकावरील ओरॅकलच्या जोडणी सॉफ्टवेअरला) सापडला नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. डेटाबेस सर्व्हरशी संपर्क साधण्याची वेळच अजून आलेली नसते. लिसनर (सर्व्हरवर जोडण्या स्वीकारणारा प्रोग्राम) बंद असता तर १२५४१ हा त्रुटी क्रमांक आला असता, लिसनरला मागितलेली सर्व्हिस ठाऊक नसती तर १२५१४, आणि फायरवॉल वाट अडवत असती तर बहुधा बराच वेळ थांबून १२१७०.

तेव्हा खरा प्रश्न असा की ॲप्लिकेशन नेमकी कोणती टीएनएसनेम्स डॉट ओरा फाइल (जोडणीची नावे आणि त्यांचे पत्ते असलेली फाइल) वाचत आहे. जुनी ॲप्लिकेशने पुष्कळदा ३२ बिटची असतात आणि त्यांना ३२ बिटचाच क्लायंट लागतो, त्यामुळे एकाच संगणकावर दोन ओरॅकल होम (ओरॅकल क्लायंट बसवलेले फोल्डर) असणे आणि प्रत्येकाच्या ‘नेटवर्क\ॲडमिन’ फोल्डरमध्ये वेगळी फाइल असणे हे सर्रास आढळते. टीएनएसपिंगच्या उत्तरात ‘यूज्ड पॅरामीटर फाइल्स’ या ओळीखाली एसक्यूएलनेट डॉट ओराचा (क्लायंटच्या जोडणीविषयक सेटिंग्जच्या फाइलचा) मार्ग छापलेला असतो, तो आधी टिपून घ्यावा. नंतर मायक्रोसॉफ्टचे प्रोसेस मॉनिटर (प्रोग्राम कोणत्या फाइली उघडतात ते दाखवणारे साधन) सुरू करून, मार्गात ‘टीएनएसनेम्स’ हा शब्द असलेल्या नोंदीच दिसतील असे फिल्टर लावावे आणि ॲप्लिकेशनमधून जोडणीचा प्रयत्न करावा. ते कोणत्या फोल्डरमध्ये फाइल शोधते आणि कुठे ‘नेम नॉट फाउंड’ येते, हे डोळ्यांसमोर दिसते. अंदाजाने फाइली इकडून तिकडे कॉपी करण्यापेक्षा ही पाच मिनिटे कितीतरी मोलाची आहेत.

दोन मार्ग वेगळे निघाले, तर ‘टीएनएस_ॲडमिन’ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल एकाच फोल्डरकडे वळवावे. ॲप्लिकेशन विंडोज सर्व्हिस म्हणून दुसऱ्या खात्याखाली चालत असेल, तर ते यूजर व्हेरिएबलमध्ये नव्हे, सिस्टिम व्हेरिएबलमध्ये ठेवावे लागते. आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला हा बदल कळत नाही, म्हणून ॲप्लिकेशन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे; सर्व्हिस असल्यास संगणकच रीस्टार्ट केलेला बरा.

मार्ग एकच निघाला, तर फाइलचा मजकूर पाहावा. मला एकदा अशी फाइल मिळाली होती की तिच्यातील पहिल्याच नावाला १२१५४ येत असे आणि खालची सगळी नावे व्यवस्थित चालत. कंस मोजले, स्पेलिंग तपासले, सगळे बरोबर होते. शेवटी फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडल्यावर सुरुवातीलाच ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट दिसले: कोणीतरी ती बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंगची खूण म्हणून ठेवलेल्या या बाइटांसह) यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली होती, आणि पहिल्या नावाला ते अदृश्य बाइट चिकटले होते. बीओएमशिवाय सेव्ह करताच जोडणी झाली. ई-मेलमधून उचललेल्या नोंदीतील अदृश्य स्पेस, न जुळणारा कंस आणि नोटपॅडने शेवटी जोडलेले, पण एक्सप्लोररमध्ये लपलेले ‘डॉट टीएक्सटी’, ही नेहमीची कारणेही तपासावीत. एसक्यूएलनेट डॉट ओरामध्ये ‘नेम्स डॉट डिफॉल्ट_डोमेन’ दिलेले असेल, तर बिनटिंबाच्या नावापुढे क्लायंट ते डोमेन स्वतःच जोडतो. मग फाइलमध्ये ते पूर्ण नाव नसल्यास हीच त्रुटी येते. पासवर्डमध्ये ‘ॲट’चे चिन्ह असल्यास त्यापुढचा भागच जोडणीचे नाव समजला जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

फाइलवरचा संशय पक्का करायचा असेल, तर ॲप्लिकेशनमध्ये नावाऐवजी थेट ‘होस्ट:१५२१/सर्व्हिस’ असे लिहून पाहावे. पोर्ट वेगळा असल्यास तो घालावा. एसक्यूएलनेट डॉट ओरामध्ये ‘नेम्स डॉट डिरेक्टरी_पाथ’ दिलेला असेल, तर त्यात ‘ईझीकनेक्ट’ (अशा थेट पत्त्याची पद्धत) असायला हवे. अशी जोडणी झाली, तर नेटवर्क आणि लिसनर दोन्ही ठीक आहेत. १२५१४ आला, तर सर्व्हिसच्या जागी एसआयडी (डेटाबेस इन्स्टन्सचे नाव) लिहिला गेला आहे का ते पाहावे, आणि ‘एलएसएनआरसीटीएल सर्व्हिसेस’ या आदेशाने सर्व्हरवर दिसणारे सर्व्हिसचे नाव डेटाबेस प्रशासकाकडून मागवून घ्यावे.