कावीच्या भिंतीवर ऑइल पेंट?

प्रश्न : आमच्या गावच्या देवळात कावीची जुनी चित्रं आहेत. जत्रेआधी समिती त्यांवर ऑइल पेंट मारणार आहे. मी तिशीतला, महाजनांपुढे (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांपुढे) माझं कोण ऐकणार?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : भाऊ, आधी भांडू नका. माझ्या आजोळच्या देवळात मी भांडले आणि भिंतीला टाइल्स लागल्या. गुलाबी! (तिथं मी अजून डोळे मिटूनच नमस्कार करते.)

समितीला कावी म्हणजे फिकटलेला रंग वाटतो. खरं तर चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर हुरमुंजाचा (तांबड्या मातीच्या रंगाचा) थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ती कला. म्हणजे रंगवणं कमी, कोरणं जास्त. वर ऑइल पेंट बसला की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही आणि पुढं गिलावाच फुगून सुटतो. हे खजिनदाराला सांगा, खर्चाची भाषा त्याला लगेच कळते.

मग एखाद्या रविवारी गावातल्या आज्यांना त्या भिंतीसमोर बसवा. कुठलं चित्र कशाचं, ते त्यांना बोलू द्या, पोरांना लिहून घेऊ द्या. आपल्याच गोव्यात, सांगे तालुक्यातल्या उसगाळीमळची कातळचित्रं १९९३ साली अभ्यासकांना दाखवली ती गावकऱ्यांनीच.

फोटो मात्र आजच काढून ठेवा. अगदीच ऐकेनात, तर मामलेदारांना अर्ज द्या. गोव्यात देवस्थानांचे प्रशासक तेच. पण तो कागद शेवटी काढा. जत्रेत पुन्हा त्याच माणसांसोबत पंगतीला बसायचंय तुम्हाला.